मेणाच्या फितीवरचा मेंदू

(दृश्य : शरीररचनाशास्त्र विभाग, सकाळ. झाकण उघडलेली टाकी, हातमोजे घातलेले दोन हात.)

नाशिकमधील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात सकाळी नऊच्या सुमारास ही टाकी उघडली जाते. देह टिकवून धरणारे फॉर्मॅलिन आधी डोळ्यांना झोंबते आणि मग नाकाला कळते. कॅमेऱ्याला ते टिपता येत नाही, म्हणून येथे सांगून ठेवतो. टाकीतून निघालेला हा मेंदू सुमारे सव्वा किलो वजनाचा आहे. जिवंतपणी कवटीच्या आत तो इतका मऊ असतो की तसाच टेबलावर ठेवला तर स्वतःच्याच भाराने पसरू लागेल. फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे राहिल्यानंतरच त्याला सुरी पेलण्याइतका घट्टपणा येतो. ज्यांच्या ओंजळीत तो आहे त्यांना विद्यार्थी ‘मामा’ म्हणतात, आणि मेंदू हातात कसा धरायचा हे नव्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या आधी मामाच शिकवतात.

(दृश्य : ऊतिशास्त्राची, म्हणजे शरीरातील पेशीसमूह तपासण्याची प्रयोगशाळा. पातळ काप घेणारे मायक्रोटोम यंत्र, जवळून.)

‘मेंदूचा नकाशा’ म्हटले की संगणकाचा रंगीत पडदा डोळ्यांसमोर येतो; परंतु त्या नकाशाची सुरुवात आजही कापण्यापासून होते, आणि म्हणून या खोलीत आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. मेंदूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा क्रमाने तीव्र होत जाणाऱ्या अल्कोहोलमधून काढला जातो, म्हणजे त्यातील पाणी निघून जाते. मग अल्कोहोलची जागा झायलीन हे द्रावक घेते आणि शेवटी झायलीनची जागा वितळलेले पॅराफिन मेण घेते. मेण थंड झाले की हाती एक पांढरा ठोकळा राहतो. तो यंत्रावर बसवून तंत्रज्ञ ताई हाताने चाक फिरवतात. प्रत्येक फेऱ्यागणिक ठोकळा ठरवून दिलेल्या अंतराने पुढे सरकतो आणि पात्यावरून पाच ते सात मायक्रॉन जाडीचा एक काप उतरतो. माणसाचा केस याच्या साधारण दहापट जाड भरेल. एका कापाच्या कडेला दुसरा चिकटत जातो आणि मेणाची फीत तयार होते. ती कोमट पाण्यावर सोडली की दुधावरच्या सायीसारखी पसरते, तिच्या सुरकुत्या आपोआप निघतात, आणि मग काचपट्टी तिरकी बुडवून ती खालून अलगद उचलायची असते. उचलताना ताई श्वास रोखतात. पात्याच्या धारेला खाच पडली असेल तर फितीवर उभ्या रेघा उमटतात आणि सकाळभराचे काम वाया जाते. नवी पाती मागवून किती दिवस झाले, असे आम्ही विचारले तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

(निवेदन थांबते. चाकाचा आवाज. पाण्यावर पसरणारी फीत.)

रंग दिल्याशिवाय हा काप पूर्ण पारदर्शक असतो. त्यात काहीही दिसत नाही. क्रेसिल व्हायोलेट नावाच्या जांभळ्या रंगात बुडवल्यावर चेतापेशी एकेक करून उठून दिसू लागतात. या रंगवण्याच्या कलेनेच मेंदूचे शास्त्र उभे केले आहे. १८७३ मध्ये इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी, मिलानजवळच्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मांडलेल्या प्रयोगशाळेत, पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या साहाय्याने चेतापेशी काळ्या करण्याची पद्धत शोधली. तिचे वैशिष्ट्य असे की ती सर्व पेशी रंगवत नाही, मोजक्याच रंगवते. पण ज्या रंगवते त्या फांद्यांच्या टोकापर्यंत रंगवते. हीच पद्धत हाती घेऊन स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकासमोर बसून शेकडो चित्रे काढली आणि चेतापेशी एकमेकींपासून सुट्या असतात हे दाखवून दिले. १९०६ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि गोल्जी यांनी आपल्या नोबेल व्याख्यानातच काहाल यांचा सिद्धान्त अमान्य केला. एका व्यासपीठावर एवढा मोठा मतभेद विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच पाहायला मिळाला असेल.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, जर्मनीच्या कोर्बिनियन ब्रोडमान यांनी अशाच कापांतील पेशींच्या थरांवरून मेंदूच्या पृष्ठभागाची विभागणी केली आणि त्या विभागांना ५२ पर्यंत क्रमांक दिले. शेतजमिनीच्या मोजणीनंतर सातबाऱ्यावर गट क्रमांक चढावा, तसेच हे आहे. १७ क्रमांकाचा भाग दृष्टीचा, ४ क्रमांकाचा भाग हातपाय हलवण्याचा. डॉक्टर आजही हेच क्रमांक वापरतात. ही मोजणी संगणकाविना, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झाली होती.

(दृश्य : संगणकाचा पडदा. विद्यार्थिनी माऊसने चित्र मोठे करते आहे.)

पडद्यावर दिसतो आहे तो ‘धरणी’ या नावाचा नकाशा. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने गर्भावस्थेतील मानवी मेंदूचे ५,१३२ काप डिजिटल स्वरूपात आणून डिसेंबर २०२४ मध्ये ते सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. नाशिकमधील विद्यार्थिनीला ते पाहण्यासाठी ना परवानगी लागते, ना शुल्क. या कामामागे केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाचा आधार होता, आणि त्याच्या जोडीला खासगी देणगीही होती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु देणगीदार एखादी मोहीम उभी करून देऊ शकतो. काचपट्ट्या आणि गोठवलेले मेंदू पंचवीस-तीस वर्षे सांभाळण्याचा खर्च मात्र बहुधा सरकारलाच करावा लागतो, असे आमचे मत आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेतील मानवी मेंदूपेढी, म्हणजे संशोधनासाठी मेंदू जतन करणारी पेढी, १९९५ पासून चालू आहे ती विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिलेल्या पाठबळावर. हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र १९९९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने स्थापन केले आणि डिसेंबर २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. बोधनशास्त्रातील, म्हणजे मेंदू विचार कसा करतो याच्या अभ्यासातील संशोधनासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा स्वतंत्र उपक्रम २००८ पासून आहे.

परदेशात हा खर्च उघडपणे सरकारी म्हणून ओळखला जातो. अमेरिकेने २ एप्रिल २०१३ रोजी मेंदूविषयक उपक्रमाची घोषणा केली आणि पहिल्या टप्प्यासाठी सुमारे १० कोटी डॉलरची योजना मांडली. युरोपीय संघाचा मानवी मेंदू प्रकल्पही त्याच वर्षी सुरू होऊन २०२३ पर्यंत चालला. अशाच सार्वजनिक पैशाचा मोठा वाटा असलेल्या कामातून ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. खसखशीच्या दाण्याहून लहान असलेल्या त्या मेंदूचे सुमारे सात हजार काप घेतले होते आणि त्यांत १,३९,२५५ चेतापेशी व त्यांच्यातील पाच कोटींहून अधिक जोडण्या सापडल्या. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात.

(दृश्य : बाह्यरुग्ण विभागाचा बाक. मांडीवर एमआरआयच्या फिल्मचे पाकीट. चेहरे दाखवलेले नाहीत.)

या बाकावर बसलेल्यांपैकी काही जण आकडीच्या औषधासाठी आले आहेत. आकडी आल्यावर नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची पद्धत अजून गेलेली नाही, आणि कांद्याच्या या जिल्ह्यात तर कांदा शोधायलाही जावे लागत नाही. त्याने आकडी थांबत नाही, एवढे सांगून पुढे जातो. मे २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा नकाशा जाहीर केला. तो तुकडा अशाच एका आकडीच्या रुग्ण स्त्रीच्या शस्त्रक्रियेत, आजाराच्या मुळाशी पोहोचताना, काढावा लागलेला होता. त्या एका घन मिलिमीटरात सुमारे ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोडण्या निघाल्या, आणि त्याची माहिती साठवण्यासाठी १४ लाख गिगाबाइट जागा लागली.

पाकिटातील फिल्म डॉक्टर डोळ्यांनी वाचतात. संशोधनात मात्र एमआरआयची तुलना एका प्रमाण मेंदूशी करावी लागते, आणि जगभर रूढ असलेला तो प्रमाण मेंदू कॅनडातील माँट्रियल येथे १५२ निरोगी व्यक्तींच्या एमआरआयवरून तयार झालेला आहे. २०१९ मध्ये हैदराबादच्या आयआयआयटी संस्थेच्या संशोधकांनी १०० भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा मांडला, तेव्हा आपल्या मेंदूचे सरासरी आकारमान पाश्चात्त्य प्रमाणापेक्षा कमी भरले. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. मोजपट्टी कोणाच्या घरची आहे याच्याशी आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र अमेरिकेने आपल्या मेंदूविषयक उपक्रमासाठी २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलरवर नेलेली तरतूद २०२४ मध्ये ४०.२ कोटींवर आणि २०२५ मध्ये ३२.१ कोटींवर आली, तर आपल्याकडे संशोधनाला निधी देण्यासाठी २०२३ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या पाच वर्षांच्या ५० हजार कोटी रुपयांपैकी ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यावयाचे आहेत. यातून कोणत्या प्रयोगशाळेतील काम थांबले किंवा थांबेल, ते आमच्या चित्रीकरणात नाही.

(दृश्य : विभागाचे कार्यालय. टेबलावर देहदानाचा अर्ज.)

महाराष्ट्रात देहदान १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली होते. येथे स्वीकारलेला देह अध्यापनासाठी असतो. संशोधनासाठीचा मेंदू मृत्यूनंतर काही तासांतच काढून गोठवावा लागतो, आणि मेंदूपेढी असलेले बंगळुरू येथून हजारभर किलोमीटरवर आहे. अर्ज भरणारे हे काका निवृत्त शिक्षक आहेत. देहाचा स्वीकार झाल्यावर मेंदूचे काय करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा कारकुनांनी त्यांना समोरच्या खोलीत नेले. ताईंनी चाक थांबवले, एक काचपट्टी उजेडाकडे धरून दाखवली, आणि ती परत ठेवण्यापूर्वी तिच्या कडेवर पेन्सिलीने क्रमांक घातला. काकांनी तो क्रमांक वाचायला चष्मा पुसला. अर्जावर अजून जवळच्या नातेवाइकाची सही व्हायची आहे. काकू बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत.

(निवेदन संपते. दृश्य पुढे चालू.)