पोहे वाफेवर, चटणी उघड्यावर

हॉटेलवर छापा म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर दिवाळीच्या तोंडावर जप्त केलेला मावा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. ते काम व्हायलाच हवं. पण पंगतीनंतर माणसं उलट्यांनी अ‍ॅडमिट होतात ना मंडळी, ती सहसा भेसळीमुळे नाही, चांगल्या मालाचं, चांगल्या तुपातलं जेवण चुकीच्या तापमानाला पडून राहिलं म्हणून होतात, आणि आज मला हेच कळकळीने सांगायचंय.

भात घ्या. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, भात शिजला तरी ते तग धरतात, आणि मोठं पातेलं तसंच ओट्यावर राहिलं की भात कोमट होता होता ते जागे होतात, वाढतात, विष सोडतात. दुसऱ्या दिवशी तोच भात कढईत कडकडीत परतला, फ्राइड राइस म्हणून समोर आला, वाफा निघतायत, आपण खूश. जंतू मेले असतील हो, पण ते विष परतून जात नाही! हाताला जखम असलेल्या माणसाने पेढे वळले तर जखमेतल्या स्टॅफिलोकोकस या जंतूचं तेच, त्याचंही विष गरम करून जात नाही. म्हणून गरम ठेवायचं ते 60 डिग्रीच्या वर, गार ते 5 च्या खाली, मधे रेंगाळू द्यायचं नाही.

आणि बघा, आपल्या इंदूरचा पोहेवाला हे कधीपासून करतोय, खाली उकळतं पाणी, वर पोहे, सकाळभर वाफ लागतेय. ते पोहे बिनधास्त खा. मला काळजी असते ती बाजूच्या डब्यांची, चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी चटणी, हे सगळं कच्चं, वाफ नाही, बर्फ नाही, मग पाणी कुठलं आणि चिरणाऱ्याने हात कधी धुतले यावरच सगळं येऊन ठरतं. शेव आणि जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, हे कोरडं, त्याचं तेवढं नाही.

एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, केटरिंगची चेकलिस्ट 114 मार्कांची आहे, त्यात काही प्रश्नांपुढे चांदणी असते, म्हणजे जिथली चूक थेट खाणाऱ्याच्या पोटावर येते ते प्रश्न, आणि चांदणीवाल्या एकात जरी नापास झालात तरी सगळंच नापास, बाकी फरशी कितीही चकाचक असू दे. मला हे फार योग्य वाटतं. शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, छप्पन दुकान आणि सराफा या इथल्या दोन्ही खाऊगल्ल्यांना क्लीन स्ट्रीट फूड हबचं सर्टिफिकेट मिळालं, अभिमान आहेच, पण रस्ता झाडल्याने फ्रिजचं तापमान खाली येत नाही ना.

तळणाच्या तेलाचाही नियम आहे, टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल बाद, 1 जुलै 2018 पासून. गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, कढई काळी पडून फेसाळत असेल तर पुढच्या दुकानात जा.

आणि तक्रार करताना घाबरू नका. बिलावर 14 आकडी लायसन्स नंबर असतो, त्याचा फोटो ठेवा. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 40 तर सरळ आपल्यासाठी आहे, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासून घेणार आहे, फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडे, म्हणजे सरकारमान्य अन्न तपासनिसाकडे, द्यायचं, आणि माल नियमात बसत नाही असा रिपोर्ट आला तर ती फी परत मिळते.