तिथीची पाऊणपट

(इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या शरद मेळाव्यात झालेलं भाषण. बोलण्याचा बाज ठेवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? नाही आलं तरी चालेल. मी तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. समोरची माणसं झोपली की मला वाटतं, काम ठीक चाललंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही विषय वाचलाच असेल. 'भरतीच्या कोष्टकांचा इतिहास आणि ब्रिटिश कुटुंबजीवन'. विषय माझाच, पण सचिवांनी त्याला कोट-टाय घातलाय. माझं म्हणणं साधं आहे. इंग्रज लोक पंचांग पाळतात. हसू नका. किनाऱ्याजवळच्या, गळ टाकायची हौस असलेल्या कुठल्याही घरात जा, फ्रिजच्या दारावर किंवा टेलिफोनशेजारी एक पुस्तिका असते. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात एखाद-दोन पौंडाला मिळते. रोजच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या, पाण्याची उंची आणि कोपऱ्यात चंद्राची कला. त्या घरातला रविवारचा रोस्ट किती वाजता व्हायचा, नातवाचा वाढदिवस शनिवारी की रविवारी, सासुरवाडीला कधी जायचं, हे सगळं त्या पुस्तिकेवरून ठरतं. मुहूर्त म्हणत नाहीत, एवढंच.

हे मला कळलं ते शेजारच्या आजोबांमुळे. रेडकारच्या पोलाद कारखान्यात त्यांचा जन्म गेला. तो कारखाना २०१५ मध्ये बंद पडला, पण आजोबा त्याआधीच निवृत्त झाले होते. पहिल्या दिवाळीला आम्ही त्यांना फराळाला बोलावलं. ते म्हणाले, त्या दिवशी जमणार नाही, किनाऱ्यावर जायचंय. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी मी जरा रागावलेच. तेव्हा त्यांनी ती पुस्तिका आणली, मागच्या दोन वर्षांच्याही काढल्या आणि मला विचारलं, "तुमचा सण दर वर्षी नेमका मोठ्या उधाणालाच कसा येतो?"

मी गप्प. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण आलंच. आणि सगळ्यात मोठं उधाण अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे पाडवा-भाऊबीज. उधाणाला भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते, एरवी पाण्याखाली असलेली वाळू उघडी पडते आणि तिथले गळाला लावायचे किडे खणता येतात. त्यात आमच्याकडचा कॉड माशाचा हंगाम थंडीतला. म्हणजे ज्या दिवशी मी चकल्या तळत होते त्या दिवशी आजोबांचंही पर्व होतं. भांगाच्या, म्हणजे पाण्याच्या कमी चढ-उताराच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास बोलावलं असतं तर गृहस्थ धावत आले असते. पुढच्या वर्षीपासून आम्ही त्यांचा फराळ कार्तिकी अष्टमीला ठेवला.

आता माझ्या आजीकडे वळते. आजी रेवदंड्याची. तिला घड्याळ लागत नसे. ती म्हणायची, तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमी? आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. चतुर्थी? तीन वाजता. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आजी ढोबळ बारा धरायची. त्यात सहा मिळवले की ओहोटी, म्हणजे सुकती. पाणी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा चढतं. आजीच्या हिशेबात पंचेचाळीस. लिहिता न येणाऱ्या बाईनं पाच मिनिटांची चूक केली, तर मी ती माफ करते.

या हिशेबावर माझा इतका विश्वास की इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात नवऱ्यानं कुणाकडून तरी जुना गळ विकत घेतला आणि "किडे कधी खणायचे?" असं विचारलं, तेव्हा मी लगेच सांगितलं: उद्या अमावास्या, बाराला भरती, सहाला सुकती. पहाटे सहाला रेडकारला जाऊ. दोन मुलं, एक खोरं, एक बादली. धाकटी झोपेतच गाडीत. सहाला पोचलो तर वाळू नाहीच! पाणी थेट भिंतीला लागलेलं, लाटेचे तुषार काचेवर. नवरा खोरं हातात धरून भिंतीवर उभा, आणि फिरायला आलेल्या एका बाईंचा कुत्रा त्याच्याकडे बघतोय. पाणी ओसरायला साडेअकरा वाजले. तोवर चौघांनी गाडीत बसून दोन वेळचे सँडविच संपवले होते.

आजी चुकली नव्हती. रेवदंड्याचा हिशेब मी टीज नदीच्या मुखाशी लावला, हा माझा गाढवपणा. प्रत्येक बंदराचा चंद्राशी वेगळा करार असतो. आमच्याकडे पाऊणपटीत चारेक तास मिळवायचे, आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे असतं म्हणून आणखी एक. गंमत अशी की लिव्हरपूलला किंवा डोव्हरला गेलात तर आजीचा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागतो. तिथे अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या आसपासच येते. साउदॅम्प्टनचं मात्र नाव काढू नका. तिथे भरती एकदा येऊन दमत नाही, जराशी ओसरून पुन्हा चढते. आजीनं कपाळाला हात लावला असता.

किड्यांवरून आठवलं. हे किडे, इथे त्यांना लगवर्म म्हणतात, करंगळीएवढे जाड, वाळूत राहतात आणि वर वाळूची शेवयांसारखी वेटोळी टाकतात. ते जिवंत ठेवायचे तर वर्तमानपत्रात गुंडाळून गार जागी ठेवावे लागतात. घरात गार जागा कुठली? इथे बसलेल्या काही बायकांचे चेहरे मला दिसताहेत. आमच्याकडे एका शनिवारी चक्का टांगून झाल्यावर मी फ्रिज उघडला, आणि वर्तमानपत्राची पुडी हलत होती. चक्क्याच्या शेजारी! मी नवऱ्याला सांगितलं, फ्रिज एक तर माझा, नाही तर त्यांचा. शेवटी गराजमध्ये दुसरा फ्रिज आला. शेजारच्या आजींनी तो बघून मला जवळ घेतलं. त्यांच्याकडे तो १९७१ पासून होता.

बरं, मुख्य मुद्दा. नाही, आधी सासूबाईंचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. (सचिव घड्याळ दाखवताहेत. पाहिलं.)

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्या आल्या तेव्हा आम्ही सगळे व्हिटबीला गेलो. उन्हाळ्यात तिथल्या धक्क्यावरून बांगड्यांसाठी होड्या सुटतात, दोन-तीन तासांची फेरी. होडीत आम्ही सहा जण आणि तीन इंग्रज कुटुंबं. सासूबाईंच्या अंगावर पाचवारी, त्यावर माझा स्वेटर, त्यावर नवऱ्याचा रेनकोट, सगळ्यांवर नारिंगी लाइफ जॅकेट. होडीवाल्यानं प्रत्येकाला एकेक दोरी दिली: खाली शिसं, वर सहा गळ, प्रत्येक गळाला चमकदार पीस. आमिष नाहीच. पीस हललं की बांगडा झेपावतो. थवा सापडला की सहाच्या सहा गळांना सहा मासे.

इथे एक निरीक्षण. इंग्रज बापाचं मुलावर प्रेम किती, ते या होडीत दिसतं. सहा गळांची दोरी सात वर्षांच्या मुलाच्या हातात द्या. दुसऱ्या मिनिटाला ती बहिणीच्या दोरीत, आईच्या केसांत आणि रेलिंगला. आमच्या समोरच्या गृहस्थानं अडीच तास दुसरं काहीच केलं नाही. गुंता सोडवायचा, गळ काढायचा, पोराच्या हातात द्यायचा, पुन्हा गुंता. स्वतःची दोरी पाण्यात गेलीच नाही. एकदाही आवाज चढला नाही. मधेच मुलाच्या नाकाचा शेंबूड स्वतःच्या बाहीनं पुसला. आमचा मुलगा हे बघत होता, आणि आमचे हे मुलाला "नीट धर, नीट धर" म्हणून ओरडत होते. यावर घरी बोलणं झालं.

पहिला बांगडा वर आला. सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, पाठीवरचे नागमोडी पट्टे बघितले. "ह्यो बांगडो न्हय गो." खरं होतं. आपला बांगडा आणि हा, एका कुळातले, पण सख्खे नव्हेत. पाहुणा म्हणून त्यांनी त्याला बादलीत घेतलं. मग होडीवाला पट्टी घेऊन आला. उत्तर समुद्रात तीस सेंटीमीटरच्या खालचा बांगडा ठेवायचा नाही. त्यानं दोन मासे परत पाण्यात सोडले. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं वऱ्हाडातून उठवून लावलेल्या पाहुण्यानं यजमानाकडे बघावं.

खरा प्रकार पुढेच झाला. होडीवाल्यानं सुरी काढली, एक तजेलदार बांगडा घेतला, त्याचे लांब तुकडे केले आणि दुसऱ्या गळाला लावले. मोठ्या माशासाठी. सासूबाई उभ्याच राहिल्या. "बांगडो गरीक लावतत? मगे धरतत तरी काय?" मी भाषांतर केलं. होडीवाला म्हणाला, कॉड, 'लिंग' नावाचा मासा, नशीब असेल ते. आणि हा कोण खातो? तो म्हणाला, थोडे लोक खातात, बाकीचे आमिषाला नेतात. सासूबाईंनी पदर खोचला आणि चारही कुटुंबांपुढे बादली फिरवली. त्या दुपारी आम्ही एकतीस बांगडे घेऊन उतरलो. तिरफळं त्यांच्या पिशवीत होतीच; वेंगुर्ल्याची बाई तिरफळं घेतल्याशिवाय विमानात बसत नाही. गुंतावाले गृहस्थ संध्याकाळी पत्ता शोधत आमच्या भाड्याच्या घरी आले, बांगड्यांचा तिखला खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत दुसऱ्यांदा घेतला.

आठ मिनिटं? पाच? साडेचारला झुंबावाले येणार म्हणताहेत. बरं.

तर इतिहास. भरतीवर चंद्राचा ओढा, सूर्याचा ओढा, चंद्राचं जवळ येणं-लांब जाणं, असे कितीतरी परिणाम एकावर एक पडतात. ते हातानं मोजायला जन्म गेला असता. १८७२ मध्ये शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी यंत्र बनवलं. प्रत्येक परिणामासाठी एक चाक आणि एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून एक तार, तारेच्या टोकाला लेखणी. दांडा फिरवला की लेखणी पुढच्या वर्षाचं पाणी कागदावर काढते. मी असं यंत्र लिव्हरपूलला पाहिलंय. पितळी, आणि अगदी देव्हाऱ्यासारखं चकचकीत.

यातलं पुढचं एक यंत्र कुणासाठी बनलं? १८७९ मध्ये, भारतासाठी. एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये बनलं, लंडनमध्येच राहिलं, आणि मुंबईसकट आपल्या बंदरांच्या भरत्या तिथे बसून काढल्या जात. रेवदंड्याला आजीची आजी पाऊणपट करत होती तेव्हा लंडनमध्ये कुणीतरी शेजारच्या मुंबईसाठी दांडा फिरवत होतं. यावर मला अर्धा तास बोलायचं होतं.

एकच शेवटचं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये सैन्य उतरवायचं होतं, तेव्हा पाण्याखालचे अडथळे दिसावेत म्हणून पहाटेनंतरची ओहोटी हवी होती. तो हिशेब लिव्हरपूलजवळच्या बिडस्टनला भरतीचे अभ्यासक डूडसन यांनी अशाच यंत्रांवर केला. जागेचं नाव त्यांना सांगितलं नव्हतं, नुसतं 'झेड'. दिवस निघाले ५ ते ७ जून, आणि सैन्य उतरलं ६ जूनला. मी पंचांग मागे मोजत नेलं. ज्येष्ठातली पौर्णिमा. वटपौर्णिमा! तिकडे भारतात बायका वडाला सूत गुंडाळत होत्या.

हो, उठते. झुंबावाले दारात आलेत. लक्ष्मीपूजनाला सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास रेडकारला पाणी सगळ्यात खाली असेल. आजोबा आता ऐंशीचे झालेत, खणायला माणसं हवीत त्यांना. ज्यांना यायचंय त्यांनी गमबूट आणा. किडे मात्र आपापल्या घरी न्यायचे.