ताप मोजला, पण श्वास मोजला का? मुलांचा न्यूमोनिया आणि रुग्णालयातले दिवस

नमस्कार. माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला या पावसाळ्यात न्यूमोनियामुळे रुग्णालयात ठेवावे लागले, हे मी मागच्या एका व्हिडिओत ओघात सांगितले होते, आणि तेव्हापासून त्याखाली पालकांच्या प्रश्नांची रीघ लागली आहे. सर्वाधिक प्रश्न कोणते औषध दिले, असा आहे. ते मी सांगणार नाही, कारण ते तिच्या वजनावरून आणि तपासण्यांवरून ठरले होते, आणि ऐकीव नावावरून प्रतिजैविक आणून मुलाला देणे धोक्याचे आहे. रुग्णालय कोणते, असेही अनेकांनी विचारले आहे. मुंबईत परळला १९२९ पासून केवळ मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय आहे, केईएम, शीव, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत बालरोग विभाग आहेत, आणि रात्री निघायची वेळ आली तर जे सर्वांत लवकर गाठता येईल तेच योग्य.

न्यूमोनिया हा फुप्फुसांचा संसर्ग आहे. हवेच्या बारीक पिशव्यांत पू आणि द्रव साचतो, रक्ताला प्राणवायू कमी पडतो आणि ती तूट भरून काढण्यासाठी मूल भरभर श्वास घेऊ लागते. एवढे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून मी थेट त्या गोष्टीकडे येते जी ठाऊक असूनही घरोघरी केली जात नाही. आपण दर दोन तासांनी थर्मामीटर लावतो, आकडा नातेवाइकांना कळवतो, परंतु मुलाचा श्वास मोजत नाही.

त्या रात्री मुलीचा ताप औषधाने उतरला होता आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले होते. सासूबाई मात्र तिच्याजवळून हलल्या नाहीत. "हिचं पोट उडतंय गं," एवढेच त्या म्हणत राहिल्या. माझी नणंद पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तिला फोन लावला तेव्हा तिने ताप किती आहे हे विचारलेच नाही. "वहिनी, आधी तिचा फ्रॉक वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजून मला आकडा सांगा," असे ती म्हणाली. आकडा चोपन्न आला आणि आम्ही त्याच पावली रिक्षा पकडली.

आता हा आकडा कसा काढायचा, ते नीट पाहा. मूल शांत असले पाहिजे, झोपलेले असेल तर उत्तम. रडताना, दूध पिताना किंवा खेळताना मोजलेला श्वास धरू नये. छाती आणि पोट उघडे करावे. पोट वर जाऊन खाली आले की एक श्वास होतो. वर जाणे एक आणि खाली येणे दोन, असे मोजणारे पालक मला भेटले आहेत आणि त्यामुळे आकडा दुप्पट होतो. घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर तो जलद श्वास आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. तापामुळेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे. मात्र श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मोजत बसू नये, निघावे.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर चालेल का, असे एका प्रेक्षकांनी विचारले आहे. चालणार नाही, आणि मला हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही. तो मध्येच थबकतो, मग भरभर होतो. पंधरा सेकंदांत नऊ श्वास दिसले तर उत्तर ३६ येते, दहा दिसले तर ४०. एका श्वासाची नजरचूक झाली तर दोन वर्षांच्या मुलाला घरी ठेवायचे की दवाखान्यात न्यायचे, हा निर्णयच बदलतो.

दुसऱ्या एका ताईंनी लिहिले आहे की घरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे, मग मोजायचे कशाला? मोठ्यांचा चिमटा इवल्याशा बोटावर नीट बसत नाही, मूल हात हलवते आणि पडद्यावरचा आकडा भरवशाचा राहत नाही. शिवाय मूल जोर लावून श्वास घेत प्राणवायूची पातळी काही काळ टिकवून धरू शकते, त्यामुळे यंत्र चांगला आकडा दाखवत असतानाही मूल दमत चाललेले असते. ती दमणूक पोटाकडे पाहिल्यावर दिसते.

रुग्णालयात पोहोचल्यावर तातडीच्या विभागातील डॉक्टरांनीही स्टेथोस्कोप लावण्याआधी श्वासच मोजला. नंतर छातीचा एक्स-रे, नाकाला प्राणवायूची नळी, हातात सलाईनची सुई आणि ती निघू नये म्हणून बांधलेली फळी, हे सगळे ओळीने झाले. त्यात रक्त काढताना जो आकांत झाला, तो आईबापांना सोसवत नाही, हे मी जाणते. इवल्या जिवाचे एवढे रक्त कशाला काढतात, असे संतापून लिहिणाऱ्यांना मी एक कारण सांगते. ब्लड कल्चरसाठीचे, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठीचे, रक्त शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घ्यावे लागते, कारण औषध रक्तात गेल्यावर जंतू त्या बाटलीत वाढतीलच असे नाही, आणि मग कोणत्या जंतूवर कोणते औषध लागू पडेल हे कळायचा मार्ग बंद होतो. अहवालाला दोन दिवस किंवा अधिक लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने योग्य ते औषध सुरू करतात आणि पुढे गरज पडली तर बदलतात.

ताप उतरला तरी घरी का सोडले नाही, हा प्रश्न आमच्या नातेवाइकांनीही विचारला. आमच्या मुलीचा ताप आधी गेला, श्वास मात्र चाळिशीच्या आत यायला वेळ लागला. ती झोपली की मी वहीत वेळ आणि आकडा लिहून ठेवत असे, आणि सकाळच्या फेरीला डॉक्टर ती वही पाहायला मागत. नळीशिवाय प्राणवायू टिकणे, तोंडाने दूध आणि पेज जाणे, आणि श्वास स्थिरावणे, या गोष्टींवर घरी जाणे ठरते. आणि कृपा करून सर्दी-खोकला असताना लोकलच्या गर्दीतून थेट मुलांच्या वॉर्डात भेटायला येऊ नका. शेजारच्या खाटेवर कोणाचे तरी तान्हे बाळ प्राणवायूवर असते. आईला खरा आधार हवा असेल, तर डबा पाठवा आणि घरी असलेल्या मोठ्या भावंडाला सांभाळा.

घरगुती उपायांविषयी थोडक्यात सांगते. कापूर लहान मुलाच्या नाकाजवळ किंवा छातीवर लावू नये, त्याने झटके येऊ शकतात. गरम पाण्याच्या भांड्याची वाफ देऊ नये, कारण त्यात मुले भाजतात. न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली आहे. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत पालिकेच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. ती सगळे न्यूमोनिया रोखत नाही, पण एका गंभीर जंतूपासून चांगले संरक्षण देते.

घरी आल्यावर खोकला आणखी काही आठवडे राहू शकतो, त्याने घाबरून जाऊ नये. पातळ औषधाची पूड असेल, तर उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालावे आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. पहिले काही दिवस मूल झोपले की श्वास मोजावा. तो पुन्हा वाढला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, मूल पाणी पिईनासे झाले, उठवूनही सुस्त राहिले किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि मुलाचे वय सांगून लगेच मिनिटाचा आकडा सांगावा.