चार पुतळे, 68 लिंगे आणि फोनचा जीपीएस: एआर ॲप करण्यापूर्वीची चाचणी

(सोलापूरचा हुतात्मा चौक, सकाळ. पाठीमागे चार पुतळे दिसत आहेत.)

नमस्कार. माझ्या पाठीमागे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचे पुतळे आहेत. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी देण्यात आली, हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. मला एक साधे ऑगमेंटेड रिॲलिटीचे, म्हणजे एआरचे, ॲप तयार करायचे होते. फोनचा कॅमेरा ज्या पुतळ्याकडे धरावा, त्या हुतात्म्याची माहिती पडद्यावर त्याच पुतळ्याशेजारी उभी राहावी, एवढीच अपेक्षा होती. पहिल्याच दिवशी धनशेट्टींची पाटी सारडांच्या पुतळ्याशेजारी गेली आणि थोड्या वेळाने ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कोड मी दोन दिवस तपासत बसलो. चूक कोडमध्ये नव्हती. जीपीएसला न झेपणारे काम मी त्याच्यावर सोपवले होते आणि त्याला काय झेपते, ते आधी मोजलेच नव्हते. ते कसे मोजावे, हा आजच्या व्हिडिओचा विषय आहे.

जीपीएसचे तत्त्व आपण थोडक्यात पाहू. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ आणि आपले स्थान सतत सांगत असतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःची जागा ठरवतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटीमीटर जातो, त्यामुळे वेळेच्या मोजणीत दहा-पंधरा नॅनोसेकंदांची गफलत झाली, तरी त्या उपग्रहाचे अंतर तीन-चार मीटरांनी चुकते. नागरी वापरासाठीच्या संकेतांमध्ये मुद्दाम मिसळली जाणारी चूक अमेरिकेने मे 2000 मध्ये बंद केली. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण 4.9 मीटर त्रिज्येच्या आत असते, असे अमेरिकी सरकारचे जीपीएसविषयीचे अधिकृत संकेतस्थळ सांगते. ‘मोकळ्या आकाशाखाली’ हे शब्द मात्र विसरू नका, कारण नव्या पेठेतल्या गल्लीत उभे राहिल्यावर तसे आकाश आपल्या वाट्याला येत नाही.

(पडद्यावर नकाशा: निळा ठिपका आणि त्याभोवतीचे फिकट वर्तुळ.)

आता या निळ्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ पाहा. बहुतेक लोक असे धरून चालतात, की आपण या वर्तुळाच्या आत नक्कीच आहोत. अँड्रॉइडमध्ये ही त्रिज्या 68 टक्के खात्रीची असते. फोन ‘5 मीटर’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असा, की शंभरपैकी सुमारे 68 वेळा आपण या 5 मीटरांच्या आत असू आणि उरलेल्या 32 वेळा बाहेर असू. चुका सर्व दिशांना सारख्या विखुरलेल्या आहेत असे गृहीत धरले, तर 95 टक्के खात्रीसाठी हेच वर्तुळ सुमारे 8 मीटरांचे करावे लागते. (सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापन केलेली लिंगेही 68 आहेत, हा निव्वळ योगायोग, पण त्यामुळे हा आकडा सोलापूरकरांच्या पक्का लक्षात राहील.) त्याशिवाय हे वर्तुळ म्हणजे फोनने स्वतःबद्दल केलेला अंदाज आहे. विद्यार्थ्याने स्वतःच स्वतःचा पेपर तपासावा, तसा हा प्रकार असल्यामुळे गुण देण्यापूर्वी आपण तो एकदा तपासलेला बरा.

तपासण्यासाठी पहिली गरज आहे ती खरे स्थान माहीत असलेल्या बिंदूची. उपग्रहचित्रांच्या नकाशावर बोट ठेवून अक्षांश-रेखांश घेण्याचा मोह होतो, परंतु ही चित्रेही काही ठिकाणी कित्येक मीटर सरकलेली असतात, म्हणून ज्याची चाचणी घ्यायची त्याच्याइतकीच चुकणारी फूटपट्टी हाती येते. उत्तम मार्ग म्हणजे रोव्हर मशीन, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने जमीन मोजण्याचे यंत्र, वापरणाऱ्या भूकरमापकाकडून किंवा सर्वेक्षकाकडून एक-दोन बिंदू मोजून घेणे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायमस्वरूपी संदर्भ-केंद्रांच्या जाळ्याशी जोडलेला रोव्हर काही सेंटीमीटरांपर्यंत अचूक स्थान देतो आणि आपल्या कामासाठी ते पुरून उरते. असा माणूस ओळखीचा नसेल, तर जमिनीवरची ठळक खूण निवडावी, तिचे स्थान वेगवेगळ्या काळातल्या चित्रांवरून पाहावे, आणि ती चित्रे एकमेकांशी जुळत नसतील तर तो बिंदू सोडून द्यावा.

(होम मैदान. तिपाईवर फोन.)

आपण आता होम मैदानावर आहोत. संक्रांतीच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र शहरात इतके मोकळे आकाश शोधून सापडणार नाही. फोन तिपाईवर, त्या बिंदूच्या बरोबर वर ठेवला आहे. जीपीएस सुरू केल्यावर लगेच नोंदी घ्यायच्या नाहीत. उपग्रहाच्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते. इंटरनेट चालू असेल तर फोन ती आधीच मिळवतो, तरीही सुरुवातीची दोन-तीन मिनिटे सोडून द्यावीत. बॅटरी बचतीची सोय बंद ठेवावी. वाट दाखवणारे नकाशाचे ॲप चाचणीसाठी वापरू नये, कारण ते आपला ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून ठेवते आणि मग तपासणी फोनची होत नाही, त्या ॲपच्या समजुतीची होते. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय, मोबाइल टॉवर आणि जीपीएस यांची सरमिसळ करून दिलेले स्थान वेगळे असते आणि केवळ उपग्रहांवरून काढलेले वेगळे. दोन्हींची स्वतंत्र नोंद ठेवावी, कारण ॲप शेवटी सरमिसळच वापरणार असते. उपग्रहांची कच्ची मोजमापे 2016 च्या अँड्रॉइड 7 पासून विकासकांना उपलब्ध आहेत आणि ती नोंदवण्यासाठी गूगलचे ‘जीएनएसएस लॉगर’ हे ॲप वापरता येते.

आता पुढचा मुद्दा जरा सावकाश ऐका, कारण मी स्वतः इथेच फसलो होतो. सेकंदाला एक याप्रमाणे दहा मिनिटांत 600 नोंदी मिळतात आणि एवढा मोठा आकडा पाहून माणूस खूश होतो. प्रत्यक्षात त्या 600 स्वतंत्र साक्षी नसतात. फोन आधीच्या नोंदीचा आधार घेऊन पुढची नोंद गुळगुळीत करतो. आपण हललो नाही असे त्याच्या संवेदकांना वाटले, तर काही फोन ठिपका जागेवरच खिळवून ठेवतात. एकच साक्षीदार 600 वेळा तेच सांगत असेल, तर न्यायाधीश त्याला 600 साक्षी म्हणणार नाहीत. म्हणून एकाच बैठकीत 600 नोंदी घेण्याऐवजी सहा वेगवेगळ्या वेळी शंभर-शंभर नोंदी घ्याव्यात, आणि दर वेळी दूरवर चालत जाऊन परत यावे. वेळाही बदलाव्यात. जीपीएस उपग्रहांची आकाशातली मांडणी रोज सुमारे चार मिनिटे आधी जशीच्या तशी परत येते. रोज सकाळी आठला चाचणी घेणारा माणूस त्यामुळे जवळजवळ त्याच मांडणीत तीच चूक पुन्हा मोजतो आणि ‘निकाल अगदी स्थिर आहे’ असे समाधान मानतो. एखादी फेरी सूर्यास्तानंतरही घ्यावी. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यामुळे, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, त्या काही तासांत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित कणांचा वरचा थर, अस्थिर होऊन संकेत थरथरतात.

गणित सोपे आहे. सोलापूर सुमारे 17.66 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे एक अंश अक्षांश म्हणजे साधारण 110.7 किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे साधारण 106 किलोमीटर. समजा एखादी नोंद खऱ्या स्थानापासून अक्षांशात 0.00004 आणि रेखांशात 0.00003 अंशांनी चुकली. म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे 4.4 मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 3.2 मीटर, पायथागोरसच्या प्रमेयाने एकूण चूक साधारण साडेपाच मीटर. प्रत्येक नोंदीसाठी हे अंतर काढून चढत्या क्रमाने लावावे. सरासरीवर विसंबू नये. मधले अंतर पाहावे आणि 95 टक्के नोंदी किती मीटरांच्या आत पडतात ते पाहावे. त्यानंतर किती नोंदी फोनने स्वतः सांगितलेल्या वर्तुळात पडल्या, ते मोजावे. हे प्रमाण 68 टक्क्यांच्या आसपास असेल, तर फोन मोठी चूक करत असला तरी प्रामाणिक आहे. ते 40 टक्क्यांवर आले, तर फोन बढाया मारतो आहे. एआरसाठी मला प्रामाणिक फोन अधिक उपयोगी वाटतो, कारण त्याने ‘25 मीटर’ असे सांगितले की ॲप पाटी दाखवण्याऐवजी थांबू शकते.

(नवी पेठ, दुकानांची रांग.)

हीच चाचणी नव्या पेठेत घेतली की चित्र बदलते. डोक्यावर पत्रे, दोन्ही बाजूंना इमारती आणि मधोमध आकाशाची चिंचोळी पट्टी. इथे संकेत थेट येण्याऐवजी भिंतींवर आपटून येतो, जास्त अंतर कापतो, आणि फोनला उपग्रह खऱ्याहून दूर असल्याचे वाटते. जीपीएसच्या लहरी उजव्या अंगाने पिळलेल्या असतात आणि परावर्तनानंतर बहुतांशी डाव्या अंगाने पिळल्या जातात. सर्वेक्षणाचा महागडा अँटेना हा फरक ओळखून परावर्तित संकेत बराचसा गाळतो. फोनचा छोटा अँटेना दोन्ही सारखेच आत घेतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर आकाश मोकळे असते, पण पाणीही लहरी परावर्तित करते, तेव्हा ‘तलावाकाठी तरी अडचण नाही’ असे मोजल्याविना म्हणू नये.

दोन वारंवारतांवर चालणाऱ्या फोनला इथे खरा फायदा होतो. जुना एल1 संकेत 1575.42 मेगाहर्ट्झवर आणि नवा एल5 संकेत 1176.45 मेगाहर्ट्झवर येतो. एल5 च्या संकेतातला एकेक ठोका दहापट लहान असल्यामुळे थेट आणि परावर्तित संकेत वेगळे काढणे सोपे जाते. अशी सोय असलेला पहिला स्मार्टफोन 2018 मध्ये आला, तो शाओमीचा मी 8. नाविक या भारताच्या स्वतःच्या स्थानदर्शक यंत्रणेचे उपग्रहही एल5 वर संकेत देतात आणि 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहापासून एल1 ची भर पडली आहे. चाचणीच्या तक्त्यात फोनच्या नावापुढे ही सोय आहे की नाही, हा रकाना अवश्य ठेवावा.

(पुन्हा हुतात्मा चौक.)

आतापर्यंत आपण मीटर मोजले. परंतु एआरमध्ये डोळ्याला मीटर दिसत नाहीत, कोन दिसतो. जागेची चूक 5 मीटर आडवी असेल आणि वस्तू 20 मीटरांवर असेल, तर पाटी सुमारे 14 अंशांनी सरकते. तीच वस्तू 100 मीटरांवर असेल, तर अवघ्या 3 अंशांनी. जवळची वस्तू जीपीएसला छळते आणि दूरची सांभाळून घेते. होकायंत्राचे वागणे उलट असते. त्याची 10 अंशांची चूक कितीही अंतरावर 10 अंशच राहते, म्हणून 50 मीटरांवरची पाटी जवळजवळ 9 मीटर बाजूला जाते आणि भलत्याच इमारतीवर बसते. लोखंडी कठडा, उभी मोटारसायकल, चुंबकाचे बटण असलेले फोनचे कव्हर, यांपैकी काहीही ही चूक घडवू शकते. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवल्याने काही वेळा सुधारणा होते, पण प्रत्येक पर्यटकाला चौकात तसे करायला सांगणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा वापरणाऱ्याला 20-30 मीटर सरळ चालू द्यावे आणि कॅमेऱ्याने टिपलेली चाल जीपीएसच्या चालीवर बसवून दिशा काढावी. काही सेकंदांत जीपीएसची चूक बहुधा एकाच बाजूला झुकलेली राहते, त्यामुळे जागा चुकली तरी दिशा बऱ्यापैकी मिळते.

उंचीवर तर अजिबात विसंबू नये. उभी चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते, आणि त्यात अँड्रॉइडची मूळ उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसून पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. आपल्या भागात या दोन पातळ्यांत 50 मीटरांहून अधिक फरक आहे, आणि आयफोनची नेहमीची उंची समुद्रसपाटीपासूनची असते. उंची न तपासता वापरली, तर एकाच्या फोनवर पाटी जमिनीवर आणि मित्राच्या फोनवर ढगात, असा प्रसंग येतो. कॅमेऱ्याला जमीन ओळखू द्यावी आणि पाटी तिच्यावर उभी करावी.

या सगळ्यानंतर माझा आराखडा बदलला. हे चार पुतळे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की कोणता पुतळा समोर आहे हे जीपीएसला विचारणेच चुकीचे होते. आता जीपीएस फक्त ‘आपण चौकात आलात’ एवढे सांगतो, तेही 40 मीटरांच्या ऐसपैस वर्तुळात, आणि पुढची ओळख कॅमेरा पटवतो. रस्त्यांच्या छायाचित्रांशी कॅमेऱ्यातले दृश्य ताडून जागा शोधण्याची गूगलची सोय 2022 मध्ये विकासकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी भारतात रस्त्यांची छायाचित्रे पहिल्यांदा ज्या दहा शहरांत आली, त्यांत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती, सोलापूर नव्हते. म्हणून ती सोय वापरण्यापूर्वी तिचीही आपल्या चौकात वेगळी चाचणी घ्यावी लागते.

याच ॲपमध्ये पुढे शहरभर विखुरलेली सिद्धरामेश्वरांची 68 लिंगेही घ्यायची आहेत, पण त्यांचे गणित निराळे आहे. तिथे पुढच्या लिंगाकडे नेणारा बाण दाखवायचा आहे, आणि दूरच्या जागेकडे नेण्यात जीपीएसची पाच-दहा मीटरांची चूक डोळ्यांना जाणवतही नाही. मात्र लिंगापासून 30 मीटरांच्या आत आल्यावर बाण बंद करून त्या जागेचे छायाचित्र दाखवायचे, असे मी ठरवले आहे. हे 30 मीटर मोकळ्या मैदानातल्या निकालावरून ठरवलेले नाहीत. पेठेतल्या गल्लीत आलेल्या सर्वांत वाईट फेरीवरून ठरवले आहेत. नोंदींचा तक्ता व्हिडिओखाली ठेवतो आहे. त्यात फोन, वेळ, ठिकाण आणि आकाश किती झाकलेले होते, हे रकाने आहेत; आपल्या पेठेतल्या नोंदी त्यात भरून पाठवा.