शांत झालाय, म्हणजे?

(दृश्य : जनावरांच्या दवाखान्याचा वॉर्ड. पहाट. सलाईनचा पडणारा थेंब.)

पहाटेचे चार वाजलेत. गादीवर आठ वर्षांचा रॉटवायलर आडवा आहे. पुढच्या पायाच्या मनगटाजवळ हाडाचा कॅन्सर निघाला, म्हणून काल तो पाय खांद्यापासून काढला. ड्यूटीवरच्या डॉक्टर आत येतात, पण लगेच हात लावत नाहीत. आधी नुसतं बघतात. कण्हतोय का? जखम चाटायला बघतोय का? मग नावाने हाक मारतात. शेवटी जखमेपासून दोन इंचांवर बोटांनी हलकेच दाबतात. तो झटकन मान वळवतो. कागदावर आकडा पडतो : 20 पैकी 6.

कुत्र्याची वेदना मोजायचा हा तक्ता स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठात तयार झाला. मोजणी एरवी 24 पैकी होते. ज्याला आधाराशिवाय चालता येत नाही, त्याचा चालण्याचा भाग गाळायचा, मग उरतात 20. अशा वेळी आकडा पाचावर गेला की औषध वाढवायचं. कुत्रा एकदाही ओरडला नसेल, तरी.

घरच्यांनी दाखल करताना सांगितलं होतं, ‘‘महिनाभर लंगडत होता, पण कुरकुर नाही केली. उलट शांत झाला होता.’’ प्राण्यांच्या डॉक्टरांना हे वाक्य रोज ऐकावं लागतं. आमच्या घरीही आम्ही ते बोललोय. आमची मांजर शेवटचे दोन महिने कपाटाखाली बसून असायची. वय झालं, शांत झाली, असंच आम्ही म्हणत राहिलो.

(दृश्य : मांजराच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो.)

कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायच्या पाच खुणा मांडल्या. कान बाजूला फिरलेले. डोळे बारीक केलेले. नाकातोंडाचा भाग ताणलेला. मिशा ताठ. डोकं खांद्याच्या रेषेखाली झुकलेलं. प्रत्येक खुणेला शून्य ते दोन गुण, आणि दहापैकी चार झाले की औषधाचा विचार करायचा. हे वाचलं त्या रात्री मी आमच्या मांजरीचे जुने फोटो काढून बघितले. पाचही खुणा होत्या.

अंगावर काढलेलं दुखणं आहे तेवढंच राहत नाही. दुखऱ्या जागेहून सतत संदेश येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी अधिक संवेदनशील होतात, आणि पुढे साधा स्पर्शही झोंबायला लागतो. म्हणून भूलतज्ज्ञ सुरी लागण्याआधीच कामाला लागतात. या रॉटवायलरच्या पायाच्या नसा काखेत इंजेक्शन देऊन आधीच बधिर केल्या होत्या. सलाईनमधून केटामाइन चालू आहे. पूर्ण भुलीला लागतं त्याच्या कितीतरी कमी, फक्त मज्जारज्जूतली ती चढती संवेदना रोखण्यापुरतं. जोडीला अफूच्या वर्गातलं औषध. आणि मूत्रपिंड, यकृताचे रिपोर्ट बघून सूज उतरवणारं मेलोक्सिकॅम. प्रत्येक औषध दुखण्याची वेगळी वाट अडवतं, त्यामुळे प्रत्येकाचा डोस कमी ठेवता येतो.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी प्राण्याला देऊ नका. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा जमत नाही. रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आपली गिधाडंही डायक्लोफेनॅकनेच गेली. ते दिलेल्या गुरांचं मांस खाऊन लाखोंनी मेली, तेव्हा कुठे 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली.

(दृश्य : छातीचा एक्स-रे. घरचे डॉक्टरांसमोर बसलेले.)

पाय काढल्याने कॅन्सर संपत नाही. बहुतेक वेळा त्याचे कण आधीच फुप्फुसात पोचलेले असतात. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात, केमोथेरपी दिली तर दहा-बारा. डॉक्टर हे आकडे घरच्यांपासून लपवत नाहीत. पाय काढतात तो मुख्यतः त्या पोखरलेल्या हाडाच्या कळा थांबवायला. ज्यांचे बाकीचे पायही संधिवाताने धरलेत, त्यांचा पाय काढता येत नाही. मग हाडाची झीज रोखणारं औषध सलाईनमधून देतात, दुखण्यावरच्या गोळ्या ठरवून देतात, आणि घरी कॅलेंडरवर रोज एक खूण करायला सांगतात : आजचा दिवस बरा गेला की वाईट. वाईट दिवस जास्त व्हायला लागले की पुढचं बोलणं, म्हणजे आता सुखाने मरण द्यायचं का हे, त्या कॅलेंडरवरूनच होतं. घरच्यांना आपणच घाई केली की काय, असं नंतर खात राहतं. ते ओझं त्या खुणांनी थोडं हलकं होतं.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. दवाखान्याचं अंगण.)

साडेनऊला त्याला बाहेर आणलं. पोटाखालून धरलेला टॉवेल कंपाउंडरने हळूच सैल केला. तो डुगडुगला, थांबला, मग तीन पायांवर स्वतःच कुंपणापर्यंत गेला आणि वास घेत उभा राहिला. डॉक्टरांनी तक्त्यातला चालण्याचा भाग पहिल्यांदाच भरला.

24 पैकी 4.