हिजामा: कप लावण्याआधी

(दृश्य: टेबलावर पालथे घातलेले काचेचे कप. खिडकीबाहेर फुटलेला कापूस.)

ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून बसणं ही शिक्षाच. पण अचलपूर तालुक्यातल्या या छोट्या दवाखान्यात हिजामाची, म्हणजे अंगावर कप लावायच्या युनानी उपचाराची, शिकवणी तिथूनच सुरू होते. वाऱ्यानं ज्योत हलली की कोणाची तरी पाठ भाजलीच म्हणून समजा.

चिमट्यात स्पिरिटचा बोळा, चांगला पिळलेला. ओला राहिला तर पेटते थेंब अंगावर पडतात. बोळा पेटवून कपात क्षणभर फिरवायचा, बाहेर काढायचा आणि त्याच झटक्यात कप पाठीवर टेकवायचा. आतली तापलेली हवा निवते, दाब उतरतो आणि कातडी टम्म फुगून कपात चढते. ज्योत कडेला लागली तर काच तापते आणि गोल चटका उमटतो. म्हणून नुकतेच बीयूएमएस (युनानी वैद्यकाची पदवी) झालेले इथले दोघं शिकाऊ आधी स्वतःच्याच मांडीवर सराव करतात. कप ओढून काढायचा नसतो. कडेची कातडी बोटानं दाबली की हवा आत शिरते आणि तो आपसूक सुटतो.

(दृश्य: पाठीवरचे जांभळे गोल डाग.)

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर हेच डाग जगानं पाहिले. आपल्याकडे मात्र हे नवं नाही. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि दुधी भोपळा सांगितला आहे: वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळा. तुंबडी लावणाऱ्या वैदू बायका आमच्या आजीच्या पिढीला चांगल्याच आठवतात.

डागांतून ‘खराब रक्त’ निघतं, असं अजूनही ऐकू येतं. तसं काही नसतं. ओढीनं कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात, डाग पडतो आणि काही दिवसांत जातो. मानेच्या, कंबरेच्या दुखण्यात काही जणांना थोडा काळ आराम वाटतो, इतपतच म्हणता येतं. आजवरचा पुरावा तसा कच्चाच आहे.

कोरडा हिजामा हात बसला की जमतो. ओल्या हिजामात ब्लेडनं कातडीवर वरवर ओरखडे काढून रक्त ओढतात. तिथं हातमोजे हवेत, ब्लेड दरवेळी नवं हवं. पण इथले ज्येष्ठ डॉक्टर ब्लेडपेक्षा प्रश्नांवर जास्त वेळ घालवतात, आणि विदर्भात तेच शहाणपणाचं आहे.

(दृश्य: तपासणीचा पलंग. ओटी सोडून बसलेली कापूस वेचणारी बाई.)

“हातपाय लय ठणकून ऱ्हायले साहेब. कप लावून द्या.”

डॉक्टर तिची खालची पापणी ओढून शिकाऊंना दाखवतात. आत लाली नाहीच, नुसती पांढरट.

“थंडीत जास्त दुखते का बाई?”

“हाव न. मंग तं उठताच येत नाही.”

“घरात कोनाले सिकलसेल?”

“भावाच्या पोराले हाये म्हन्तेत.”

कप टेबलावरच राहतात. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे ठणकतात. वरून पाहिलं तर हे दुखणं वेचणीच्या थकव्यासारखंच दिसतं. त्यात पेशी लवकर मोडत असल्यानं रक्त मुळातच कमी. अशा माणसाचं आणखी रक्त काढायचं? या आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटाकडे तर हा प्रश्न घरोघरचा आहे.

“मंग मी फोकटच आली काय?” बाईचा राग रास्त आहे, एका दिवसाची मजुरी बुडाली.

शिकाऊ डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी लिहितो: सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची पहिली रक्ततपासणी. दुसरा पुढच्या पेशंटला, कंबर धरून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला, शर्ट काढायला लावतो.

“थांब,” डॉक्टर म्हणतात. “रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाये का, इचारलं त्याले?”