एकोणपन्नास नंबरच्या रस्त्याला लागण्याआधी

मित्रहो, इथे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात राहणारी मराठी कुटुंबं जुन्या सोन्याच्या खाणींची गावं बघायला निघाली की गाडी थेट सॅक्रामेंटोच्या दिशेनं जाते. माझी विनंती आहे, एकदा ती आधी सॅन होजेच्या दक्षिणेला, न्यू अल्माडेनला न्या. तिथे पाऱ्याच्या खाणी होत्या.

पारा कशासाठी? २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमाला सटरच्या लाकूड गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. सुरुवातीला लोक परातीत रेती घोळवून सोनं काढत. सराफकट्ट्यावरची माती धुणारे झारेकरी ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नवीन नाही: जड ते तळाशी राहतं. पण अगदी बारीक कण पाण्याबरोबर निघून जातात. पारा त्यांना धरून ठेवतो. नंतर तापवला की पारा उडून जातो आणि सोनं उरतं.

आता एकोणपन्नास नंबरचा रस्ता धरा. तो या सोन्याच्या गावांतून जातो; १८४९ साली सोन्यासाठी आलेल्या माणसांवरून त्याला हा आकडा मिळाला. सोनोरात थांबा. १८५० साली परदेशी खाणवाल्यांवर महिना २० डॉलरचा कर बसला आणि मेक्सिको, चिलीहून आलेले कितीतरी लोक इथून निघून गेले. कोलंबियाची जुनी पेठ छान जपली आहे, मुलांना आवडेल. कोलोमात नदीकाठी जरा शांत बसा. मार्शलच्या आधी तिथे निसेनान लोकांचं गाव होतं. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख मूळ रहिवासी होते, १८७० पर्यंत सुमारे तीस हजार उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली. हे मुलांपासून लपवू नका.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते नेव्हाडा सिटीच्या पुढे, मॅलाकॉफ डिगिन्सला. रस्ता वळणावळणाचा आहे, वेळ हाताशी ठेवून निघा. १८५३ पासून या भागात डोंगरावर जोरदार पाण्याचा फवारा मारून माती पाडायला सुरुवात झाली. उंचावरून पाणी आणायचं, लोखंडी तोटीतून कड्यावर सोडायचं, ढासळलेला राडारोडा लाकडी पन्हळीतून वाहवायचा, आणि पन्हळीच्या तळाशी पारा. आज तिथे डोंगराच्या जागी भलामोठा खड्डा आहे. भोवती पांढरे, नारिंगी, लालसर कडे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमच्या गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

तो डोंगर गेला कुठे? युबा नदीत. पात्र गाळानं भरत गेलं, नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या मेरीसव्हिल गावाला बांध घालावे लागले, ते पुन्हा पुन्हा वाढवावे लागले, खालच्या शेतांवर रेती पसरली. शेवटी तिथल्या एका जमीनमालकानं, एडवर्ड्स वुडरफनं, खाण कंपनीवर खटला भरला आणि जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी हा गाळ नदीत सोडायला मनाई केली. सोनं ऐन भरात असताना शेतीच्या बाजूनं लागलेला हा निकाल मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पण गाळासोबत निसटलेला पारा तोवर खाली पोचला होता. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या माशांत अजून सापडतो.

म्हणून म्हणतो, सुरुवात अल्माडेनच्या जलाशयापासून करा. तिथले मासे खाऊ नका, अशी सूचना आहे. ती मुलांना मोठ्यानं वाचायला सांगा आणि मग निघा.